न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

माझी भाची मूळची बेळगावची. बंगळुरूच्या एका विद्यापीठात ती कायद्याची पदव्युत्तर पदवी घेत होती. मार्चमधल्या एका संध्याकाळी ती मल्लेश्वरमला माझ्या घरी आली आणि चपला काढता काढताच तिने फोन माझ्यापुढे धरला. विभागाची नोटीस होती. तिच्या लघुप्रबंधात इतर लेखनाशी २७ टक्के साम्य आढळले होते. हे वाङ्मयचौर्य का मानू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करायचा होता.

"मावशी, तू शब्दांचं काम करतेस. उत्तर तू लिहून दे," ती म्हणाली.

अशी नोटीस आली की माणूस रडतो किंवा भांडायला उठतो. तिचे रडून झाले होते आणि भांडायची तयारी चालली होती. मी चहा ठेवला आणि आम्ही नियम वाचायला बसलो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे यासंबंधीचे विनियम २०१८ सालचे आहेत. त्यांत साम्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. त्याच्या वर, चाळीसपर्यंत, लेखन दुरुस्त करून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा द्यायचे. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर ते देता येत नाही. साठच्या वर नोंदणीच रद्द. पण साम्य मोजताना श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायद्यांचा मजकूर या गोष्टी वगळायच्या असतात. शिवाय विभागीय समितीने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळायची असतात, म्हणजे जिच्यावर आरोप आहे तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय नाही.

मग आम्ही तो अहवाल उघडला. लाल, निळ्या, हिरव्या रंगांनी रंगवलेली पाने. तिचा विषय म्हादईच्या पाण्याचा तंटा. नदी खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते, त्यामुळे बेळगावच्या मुलीला तो विषय सुचणे साहजिक होते. रंगलेल्या ओळींत १९५६च्या आंतरराज्य नदी जलतंटा कायद्याची कलमे होती, लवादाच्या २०१८च्या निवाड्यातले उतारे होते, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी हे आकडे होते, आणि सगळी संदर्भसूची होती. तीन ठिकाणी मात्र टिपणांतली वाक्ये अवतरणचिन्हांशिवाय उतरली होती. तळटीप होती, चिन्हे नव्हती. ही चूक तिचीच होती, आणि ती मान्य करायला ती तयार होती. वगळण्याजोगे वगळले की उरलेले साम्य दहाच्या आत येत होते.

उत्तराचा आराखडा तासाभरात तयार झाला. प्रत्येक रंगीत उताऱ्यासमोर एक ओळ: हा कुठला, का वगळावा, की माझी चूक. सोबत तारखांसह जुने मसुदे आणि हस्तलिखित टिपणे. विशेषणे नाहीत, मेहनतीची कहाणी नाही, दुसऱ्या कुणाकडे बोट नाही. मी समाधानाने पेन खाली ठेवले.

तेव्हा ती म्हणाली, "तिसऱ्या प्रकरणाचं काय करायचं?"

तिसऱ्या प्रकरणात एकही रंगीत ओळ नव्हती. परीक्षकांनी सर्वांत जास्त कौतुक त्याच प्रकरणाचे केले होते. पाणी वर्षाच्या सरासरीने वाटले जाते, पण पश्चिम घाटातल्या नदीचे पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत येते. तेव्हा कागदावरचा वाटा आणि उन्हाळ्यातला वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा तो युक्तिवाद. तो एका निवृत्त पाटबंधारे अभियंत्याचा होता. तिच्या आजोबांच्या कपाटातल्या एका जुन्या दिवाळी अंकात तो लेख होता. तिने त्याची मांडणी, त्याच क्रमाने, इंग्रजीत आणली होती. लेखकाचे नाव कुठेच नव्हते.

"का नाही दिलंस?"

"गाइड म्हणाले असते, दिवाळी अंक हा काय संदर्भ आहे का?"

मग थोडे थांबून ती म्हणाली, "पण हे त्यांनी विचारलेलंच नाहीये. आणि राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही."

मी हसले, पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गप्प राहिली तर ती कदाचित निर्दोष सुटणार होती. बोलली तर लघुप्रबंध पुन्हा लिहिणे, पदवी लांबणे आणि हाताशी आलेली नोकरी पुढे जाणे, हे सगळे शक्य होते. सात दिवसांची मुदत होती आणि त्यातला एक संपला होता.

दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त उसनवारीची चर्चा करताना शब्दहरण आणि अर्थहरण असे दोन भाग केले. संगणकाला मुख्यतः शब्दहरण दिसते. अर्थ एका भाषेतून दुसरीत नेला की रंगीत ओळ उमटत नाही. हे मला तौलनिक साहित्याच्या वर्गात कळले नव्हते, पण पोटापाण्यासाठी अनुवाद करू लागल्यावर पहिल्या वर्षातच कळले. भाषांतर ही सर्वांत प्रामाणिक उसनवारी आहे, कारण मूळ लेखकाचे नाव मुखपृष्ठावर असते. ते नाव काढले की तीच सर्वांत सुरक्षित चोरी होते. आणि मराठीतून इंग्रजीत नेताना ती अधिकच सुरक्षित, कारण मराठीत काही विचार करण्याजोगे लिहिलेले असेल अशी तिकडे कुणाला शंकाच येत नाही. भाचीने लेखकाचे श्रेय तर घेतलेच, वर त्या समजुतीलाही दुजोरा दिला.

पण कलम २०(३)चे काय? रात्रभर विचार करून मी एवढ्यापर्यंत आले. फौजदारी खटल्यातला आरोपी अजून काही बोललेला नसतो. सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो, म्हणून त्याच्या मौनाला संरक्षण आहे, आणि ते असलेच पाहिजे. विद्यार्थिनी मात्र आधीच बोललेली असते. लघुप्रबंधाच्या सुरुवातीला 'हे लेखन माझे स्वतःचे आहे' असे प्रतिज्ञापत्र तिने सही करून दिलेले असते. तिसऱ्या प्रकरणाबाबत गप्प राहणे म्हणजे काही न बोलणे नव्हते, आधी बोललेले खोटे चालू ठेवणे होते.

याच्या विरुद्ध बाजू आहे, आणि ती हलकी नाही. शिक्षा सगळ्यांना सारखी बसत नाही. २०११ साली याच शहरातल्या सी. एन. आर. राव यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे नाव असलेल्या, ग्राफीनवरच्या एका शोधनिबंधात दुसऱ्या निबंधातली काही वाक्ये जशीच्या तशी आल्याचे निघाले. लेखकांनी त्याच नियतकालिकात क्षमा मागितली. वाक्ये संशोधक विद्यार्थ्याने लिहिलेल्या भागातली होती, हे ज्येष्ठांनी सांगितले. राव यांचे संशोधन त्या चार वाक्यांवर उभे नव्हते, आणि क्षमा मागितली गेली हे बरेच झाले. तरी मला त्या घटनेत राहून राहून खटकते ते हे की ज्याला गमावण्याची भीती सर्वांत जास्त, चुकीचे ओझे त्याच्याकडे सरकते. भाचीला 'खरे सांग' म्हणताना माझे काहीच जाणार नव्हते. हा उपदेश फार स्वस्त होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला आधी माझी गोष्ट सांगितली. माझ्या पहिल्या कन्नड कादंबरीच्या अनुवादात काही जागा मला उलगडत नव्हत्या. बोलीतले शब्द, शेतीतले शब्द. त्या कादंबरीचा जुना इंग्रजी अनुवाद मी शेजारी ठेवला होता, आणि वीसेक ठिकाणी त्या अनुवादकाने लावलेला अर्थ मी तसाच घेतला. मनोगतात मूळ लेखकाचे आभार आहेत, प्रकाशकाचे आहेत, घरच्यांचे आहेत. त्या अनुवादकाचे नाव नाही. ज्ञानेश्वर ग्रंथाच्या अखेरीस सांगतात की आपण व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना वाट विचारत आलो. त्यांना ते सांगण्यात कमीपणा वाटला नाही. मला वाटला, कारण मला 'थेट कन्नडमधून' हे दोन शब्द मुखपृष्ठावर हवे होते.

भाचीने विचारले, "तुला कुणी कधी विचारलं?"

"नाही."

ती बराच वेळ गप्प बसली. मग मी म्हटले की उत्तर मी लिहून देणार नाही. माझे लेखन माझेच आहे असे सांगणारे पत्र मावशीने लिहून द्यायचे, हे तिलाही हास्यास्पद वाटले. त्या नोटिशीनंतर ती पहिल्यांदाच हसली.

तिने दोन पानांचा खुलासा स्वतः लिहिला. पहिल्या पानावर २७ टक्क्यांचा हिशेब. दुसऱ्या पानावर, नोटिशीत नसलेली गोष्ट: अभियंत्याचे नाव, दिवाळी अंकाचे नाव आणि साल, कोणता युक्तिवाद त्यांचा आणि त्यात तिची भर कोणती. लेखाची झेरॉक्सही जोडली. समितीपुढे तिला वीस मिनिटे बोलू दिले. निर्णय असा झाला की तिसरे प्रकरण श्रेयासह पुन्हा लिहून चार महिन्यांत द्यावे. नोकरी पुढे ढकलली गेली. समितीतल्या एका प्राध्यापकांनी तो मराठी लेख इंग्रजीत वाचायला मागितला. आता रात्री बसून ती त्याचा अनुवाद करते, लेखकाचे नाव वर घालून, आणि अडले की मला फोन करते.

खरे बोलल्यावर सगळे छान होते, असे मला यातून म्हणायचे नाही. तिचे चार महिने गेले आणि ते भरून येणार नाहीत. दुसरी एखादी समिती याहून कठोर वागली असती. मला एवढेच वाटते की आरोपाला उत्तर देताना आपण समोरच्याने मोजलेल्या टक्क्यांचे उत्तर देतो, आणि आपण कुणाचे किती देणे लागतो हा हिशेब त्याहून वेगळा असतो. तो फक्त आपल्याला ठाऊक असतो, म्हणून तो मांडणे न मांडणेही आपल्यावरच असते.

माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती या वर्षी निघते आहे. मनोगतात एक वाक्य वाढवायचे म्हणून मी प्रकाशकांना मजकूर पाठवला. त्यांचा फोन आला, "ताई, याची खरंच गरज आहे का? कुणी विचारलंय का?"

कुणीही नाही, असे मी सांगितले, आणि वाक्य ठेवायला सांगितले.