वास्तूचे अवशेष आणि शिल्पाची नीती

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरासाठी ओळखले जाते. या किनारपट्टीवरील जांभ्याच्या चिऱ्यांचे जुने कौलारू घर मोडायचे झाले, तर आधी कौले उतरतात, मग रिपा, वासे, तुळया आणि अखेरीस खांब. धड वासा गोठ्याला लागतो, चिरा गडग्यात बसतो, दरवाजा दुसऱ्या घरात जातो. वस्तूचे स्थान बदलते. तिचा वापर चालू राहतो.

याच सामग्रीचे शिल्प होते तेव्हा हा क्रम खंडित होतो. खांबाला आता छप्पर तोलायचे नसते. अशा वेळी एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो : दुसऱ्याच्या निवाऱ्याचे अवशेष कलेचे माध्यम करण्याचा अधिकार शिल्पकाराला कशातून प्राप्त होतो? सामग्री विकत घेतल्याने मालकी मिळते. हा अधिकार मिळतोच असे नाही.

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सौंदर्यविचाराच्या केंद्रस्थानी ठेवली. त्या भूमिकेतून पाहता लाकडाचा रंग, पोत आणि वजन यांची संघटना शिल्पाला पुरेशी ठरावी. परंतु जुन्या तुळईवरील सांध्याची खाच हा केवळ आकार नसतो. तेथे दुसरे लाकूड बसत होते, हे ती सांगते. येथे माध्यमच लौकिक अर्थ घेऊन येते; तो वगळला तर माध्यमाचाच एक भाग वगळला जातो.

सुदर्शन शेट्टी यांचे ‘शून्य घर’ २०१६ साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शित झाले. गोरखनाथांच्या निर्गुणी रचनेशी नाते सांगणाऱ्या या कृतीत जुन्या लाकडाच्या वास्तुसदृश रचना आहेत. त्यांत कोणी राहू शकत नाही. ही रिक्तता तत्त्वचिंतनाला वाव देते. मात्र लाकूड ज्या घरांतून आले, ती घरे त्या चिंतनात अनामिक होतात. शून्याचा प्रत्यय सार्वत्रिक असला, तरी मोडलेले प्रत्येक घर कोणाचे तरी असते.

चंदीगडमध्ये नेकचंद यांनी नव्या शहरासाठी हटवलेल्या गावांतील मोडतोड आणि टाकाऊ वस्तू जमवून, बरीच वर्षे गुप्तपणे, शिल्पोद्यान उभारले. १९७६ साली ते लोकांसाठी खुले झाले. नियोजित नगराने काय दूर सारले, याची साक्ष तेथे प्रत्यक्ष सामग्रीच देते. तरीही फुटक्या बांगड्यांच्या आकृती पाहून हरखलेला प्रेक्षक त्या गावांना विसरू शकतो. सौंदर्यामुळे विस्मरण सुखद होण्याचा हा धोका आहे.

म्हणून शिल्पकाराने विस्थापितांचे दुःख उसने घ्यावे, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. ते दुःख त्याचे नाही. त्याचे दायित्व अधिक मर्यादित आणि अधिक कठीण आहे : पूर्वीच्या वापराची खूण वाचता येईल अशी ठेवणे. खाच बुजवून, रंधा मारून लाकूड निर्दोष केले, तर ते केवळ स्वस्तात मिळालेले लाकूड उरते. खाच तशीच राहिली, तर त्या जागी काय होते हा प्रश्न प्रेक्षकापुढे राहतो, आणि त्या प्रश्नापुरते तरी मोडलेले घर शिल्पात शिल्लक असते.