‘वासी’, ‘कर’ आणि ‘वासनिक’

नवापूर हे नगर रंगावली नदीच्या काठी, महाराष्ट्राच्या अगदी उंबरठ्यावर वसले आहे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि येथील रेल्वेस्थानकही दुभंगले. फलाटावरील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे. त्या बाकावर बसलेल्या वाटसरूस ‘आपण कोठील?’ असे कोणी पुसले, तर बसण्याच्या जागेवरून उत्तर निघणार नाही.

‘वासी’ हा शब्द ‘वस्’ धातूचा. वसतो तो वासी. त्याच्या मागे जे पद लागेल त्याने अर्थ पालटतो. ‘वनवासी’ म्हटल्याने केवळ ठिकाण कळते, ‘आदिवासी’ म्हटल्याने कधीपासूनचे वसणे तेही कळते. नवापूर परिसरातील मावची, कोकणी, भिल्ल या समाजांस हा भेद शब्दांचा खेळ नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा पाहिला जातो; तेथे वसण्याचा काळ हाच पुरावा होय.

आता शंका अशी की, सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी स्वदेश व स्वग्राम यांचा संबंध त्याज्य सांगितला, मग आदिवासी वासनिकाने आपल्या जमिनीचा आग्रह धरावा काय? अवश्य धरावा. तो विधी अनुसरलेल्या भिक्षुकास आहे, गृहस्थास नाही. ‘वासनिक’ म्हणजे ज्याची वासना परमेश्वरधर्मी लागली परंतु अनुसरण घडले नाही असा. त्याला पोरेबाळे आहेत, शेत आहे. स्वतः आश्रमाच्या भिंतीस खिळून बसणाऱ्याने दुसऱ्याच्या सातबाऱ्यास वैराग्याचे सूत्र लावणे हे तर विपरीतच.

उलट, महाराष्ट्रात असावे ही आज्ञा काही जण जन्मभूमीच्या अभिमानासाठी पुढे करतात. तेही चुकते. लीळाचरित्राप्रमाणे स्वामींचा अवतार गुजरातेतील भडोच येथला. तेथून ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंकडे आले आणि पुढे मराठीतून निरूपण केले. जन्माचा देश एक, आज्ञेचा देश दुसरा. ज्या देशी धर्म आचरता येतो तेथे असावे, एवढाच त्या आज्ञेचा रोख आहे. स्थानपोथीतही अवस्थान, वस्ति, आसन असे भेद आहेत, आणि ते स्वामींच्या तेथील राहण्याच्या प्रकारावरून पडले आहेत.

पंथातील ‘कर’ प्रत्ययाचेही असेच. व्यवहारात नवापूरकर म्हणजे नवापूरचा. पण कारंजेकर, बीडकर ही महंतांची नावे गुरुपरंपरेची आहेत. नवापुरात जन्मलेला मुलगा अनुसरला आणि त्या परंपरेत दीक्षित झाला, तर त्याच्या नावापुढे ते पद लागू शकते, त्याने बीड पाहिलेले नसले तरी. ग्रामसंबंध सोडलेल्याच्या नावात गाव उरते खरे. मात्र ते राहण्याचे नसून ज्ञान जेथून आले त्या मार्गाचे असते. म्हणून अशा महात्म्यास ‘आपण मूळचे कोठील?’ असे विचारू नये, ‘आपला आम्नाय कोणता?’ असे विचारावे.