मुक्या जिवाची जबाबदारी



एखाद्या शेतकऱ्याच्या घरी असे घडू शकते. बाजरीच्या शेतात उंदरांची बिळे दिसली म्हणून वडील धान्यात झिंक फॉस्फाइड मिसळून बिळापाशी ठेवतात. त्याच घरात मुलगी काचेच्या पेटीतल्या जर्बिलला सूर्यफुलाचे दाणे भरवते. एकाला विष आणि दुसऱ्याला दाणे, हा कुठला न्याय, असे कोणी विचारले तर आपण काय उत्तर द्यावे?

प्रश्न दिसतो तितका हलका नाही. हे दोन्ही जीव एकमेकांचे भाऊबंद असू शकतात. लांब मागचे पाय, उड्या मारत पळणे आणि शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला भारतीय जर्बिल महाराष्ट्राच्या कोरड्या माळांवर आणि शेतांत बिळे करून राहतो. आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हाही त्याला अपवाद नाही. घरात पाळतात तो मंगोलियाकडचा जर्बिल. फादर आर्माँ दाविद या फ्रेंच मिशनरी धर्मगुरूंनी १८६६ साली उत्तर चीनमधून त्याचे नमुने पॅरिसच्या संग्रहालयाला पाठवले. पुढे तो प्रयोगशाळांत गेला, १९५४ साली अमेरिकेत पोहोचला आणि तिथून घराघरांत लाडका झाला.

मग फरक कशात आहे? एकाचा जीव मोलाचा आणि दुसऱ्याचा फुकटचा, असे नाही. शेतातला जर्बिल आपले अन्न आपण शोधतो. ऊन वाढले की खोल बिळात जातो, शत्रू दिसला की पळतो. पेटीतल्या जर्बिलची ही सगळी साधने आपण काढून घेतली आहेत. दार आपण लावले, म्हणून आतली भूक, तहान आणि भीती यांचे उत्तरही आपणच द्यायचे. केवळ माया वाटते म्हणून नव्हे, तर ते आपले देणे आहे म्हणून.

हे देणे कसे फेडायचे? त्याला उकरायला निदान वीतभर जाड भुसा किंवा गवत हवे. दात सतत वाढतात, म्हणून कुरतडायला लाकूड हवे. वाळवंटी प्राणी असला तरी स्वच्छ पाणी रोज हवेच. तो कळपात राहणारा आहे. एकटा ठेवला तर झुरतो. शेपटीला धरून कधीही उचलू नये, तिची कातडी निघून येते. आणि एप्रिल-मे महिन्यांत काचेची पेटी उन्हात राहिली तर ती भट्टीच होते. बिचाऱ्याला खोल जायला जमीन नसते.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि कारणाविना त्याला सोडून देणे हे गुन्हे ठरवले आहेत. कंटाळा आला म्हणून माळावर सोडणे ही सुटका नव्हे. पिंजऱ्यात वाढलेल्या जिवाला ना बिळाची वाट ठाऊक, ना घारीचे भय. शब्बाथाच्या आज्ञेतही घरच्या माणसांबरोबर घरच्या जनावरांचा विसावा सांगितला आहे. जो आपल्या दावणीला आहे, त्याचा भार आपल्यावर आहे.

मग शेतातल्या जिवाशी आपण कसेही वागावे काय? मुळीच नाही. पोटासाठी पीक राखणे ही गरज आहे. बिळातले पिल्लू पकडून गंमत म्हणून त्याचे हाल करणे ही गरज नव्हे. मात्र त्या जिवाला रोज दाणे घालण्याचे वचन आपण दिलेले नाही. पेटीतल्या जिवाला ते दिले आहे. त्या वडिलांना आणि मुलीला हेच उत्तर देता येईल.

हे वचन किती दिवसांचे? जर्बिल साधारण तीन-चार वर्षे जगतो. मुलाची हौस एखाद्या महिन्यात संपू शकते. म्हणून खरे वचन मुलाचे नसते, दुकानात पैसे मोजणाऱ्या आईवडिलांचे असते. पालकांनो, पेटी घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: मे महिन्यात आपण सगळे गावी गेलो, तर याला पाणी कोण घालील? उत्तर देता आले नाही, तर मुलाला प्रेमाने ‘नाही’ म्हणा. कधी कधी त्या नकारातूनच मूल मुक्या जिवाविषयीची दया शिकते.