जकातनाका आणि आजारी बाई



काही दिवसांपूर्वी घरभेटीसाठी एका कुटुंबात गेलो होतो. घर कुणाचे, ते सांगत नाही. घरातला कर्ता माणूस सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. त्याचे पोटाचे ऑपरेशन खाजगी दवाखान्यात झाले होते. त्यासाठी घरातले सोने गेले, दोन एकर वावर गहाण पडले आणि बचत गटाचे कर्ज डोक्यावर बसले. मी विचारले, "सरकारी योजनेतून का केले नाही?" तेव्हा त्याची म्हातारी आई खाली मान घालून म्हणाली, "फादर, आमी कुठं टॅक्स भरतो जी? फुकटाचं घ्याची लाज वाटते. अन् रेशनकार्डावरचं नावबी जुळत नव्हतं."

त्या माऊलीचे वाक्य मला रात्रभर झोपू देईना. म्हणून आज त्याच वाक्यावर आपण मनन करू या.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडा. सुरुवातीला प्रभू येशू जकातनाक्यावर बसलेल्या मत्तयला हाक मारतो. थोडे पुढे गेलो की त्याच अध्यायात रक्तस्रावाने बारा वर्षे आजारी असलेली स्त्री मागून येऊन त्याच्या वस्त्राला स्पर्श करते. संत मार्क आपल्या पाचव्या अध्यायात आणखी एक गोष्ट सांगतो. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळचे होते नव्हते ते सारे त्यात घालवले, तरी दुखणे वाढतच गेले. म्हणजे एका बाजूला कर गोळा करणारा आणि दुसऱ्या बाजूला औषधपाण्यात कंगाल झालेली बाई. दोघांचीही गाठ एकाच येशूशी पडते. पण त्या नाक्यावरचा पैसा त्या बाईच्या दुखण्यापर्यंत कधीच पोहोचला नव्हता. ती एकटीच खर्च करीत राहिली.

आता म्हातारीच्या प्रश्नाकडे वळू. आपण कर भरतो की नाही? 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर प्राप्तिकर द्यावा लागत नाही. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना प्राप्तिकर लागत नाही हे खरे. पण 118 रुपयांचा मोबाईल रिचार्ज मारला की त्यातले 18 रुपये जी.एस.टी.चे असतात. खताच्या पिशवीवर 5 टक्के कर आहे. औषधाच्या पाकिटावर 105 रुपये छापले असतील, तर त्यात साधारण पाच रुपये कराचे आहेत. मजुरी करणारी बाई आणि बंगल्यात राहणारा साहेब, दोघेही त्या पाकिटावर सारखाच कर देतात. साहेबाला तो जाणवत नाही, पण मजुरणीच्या दिवसाच्या मजुरीतून तो निघतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनसचा एक विचार मनात ठसला होता. कायदा सर्वांच्या हितासाठी असला, तरी त्याचे ओझे लोकांवर विषमतेने लादले गेले, तर त्यात न्याय उरत नाही. म्हणून करांत झालेले बदल ख्रिस्ती माणसाने डोळसपणे पाहावेत. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर 2017 पासून 18 टक्के जी.एस.टी. होता, म्हणजे 15,000 च्या हप्त्यावर 2,700 रुपये. आजाराची आगाऊ तरतूद करणाऱ्याला जणू दंडच! 22 सप्टेंबर 2025 पासून तो शून्य झाला. त्याच दिवशी बहुतेक औषधांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि 33 जीवनरक्षक औषधे करमुक्त झाली. चांगल्याला चांगले म्हणावे. पण जो विमाच काढू शकत नाही, त्याला हप्त्यावरच्या सवलतीचा काय उपयोग?

त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे. महाराष्ट्रात 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला शेजारी गडचिरोली होता. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. 2023 मध्ये राज्य सरकारने ती सर्व कुटुंबांना खुली करून मर्यादा वर्षाला पाच लाखांपर्यंत नेण्याचे ठरवले. शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले.

म्हणून त्या आईला आणि तुम्हां सर्वांना मी सांगतो: हे फुकटाचे नाही. रोजच्या खरेदीबरोबर तुम्ही त्याची वर्गणी भरत आला आहात. पोप तेविसावे जॉन यांनी 1963 च्या आपल्या परिपत्रकात वैद्यकीय सेवा हा माणसाचा हक्क असल्याचे सांगितले आहे. हक्क मागताना मान खाली घालायची नसते.

योजनेत सगळे येते असे मात्र नाही. बी.पी., शुगरच्या रोजच्या गोळ्या, चंद्रपूर-नागपूरच्या खेपा, बुडालेली मजुरी हे सारे घरावरच पडते. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64 टक्के होता. 2021-22 मध्ये तो 39 टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. पण तेव्हाही शंभरातले 39 रुपये आजाऱ्याच्याच घरातून जात होते आणि वावर त्यासाठीच गहाण पडते.

आता थोडे कटू बोलतो. आपल्यात दुकानदार आहेत, छोटे ठेकेदार आहेत. "बिल पाहिजे की बिनाबिलाचे?" असे आपण सहज विचारतो. गिऱ्हाईकाकडून घेतलेला कर खिशात राहिला, तर तो कुणाच्या तरी सलाईनचा पैसा असतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये न्याय्य कर चुकवण्याच्या वृत्तीला स्पष्ट शब्दांत दोष दिला आहे. ई.एस.आय. लागू असेल तिथे कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालकाने 3.25 टक्के भरायचे असतात. कामगाराचे कापून घ्यायचे आणि आपले भरायचे नाही, किंवा त्याचे नावच लपवायचे, हे पाप आहे. पापनिवेदनाला येताना आपण याची आठवण ठेवतो का?

शेवटी आपल्या विदर्भातलीच एक गोष्ट. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ऐंशीच्या दशकात ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना राबवली. सुगीत प्रत्येक घराने ज्वारी द्यायची. ज्याचे वावर मोठे त्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. उपचार मात्र ज्याला जशी गरज तसा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातली पहिली मंडळीही अशीच वागत होती. आपल्याला शक्य तेवढे द्यावे आणि गरजेप्रमाणे मिळावे, हाच चांगल्या कराचा अर्थ आहे आणि चांगल्या धर्मग्रामाचाही.

तेव्हा दोन कामे करू या. येत्या रविवारी मिस्सानंतर आपले युवक सभागृहात बसतील. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन या. नावे जुळतात का, ते आजच पाहू. आजार आल्यावर धावाधाव नको. रुग्णालयात गेल्यावर प्रथम 'आरोग्यमित्र' कुठे बसतो ते विचारा. दुसरे, चर्चच्या दाराशी 'आजारपेटी' ठेवत आहोत. योजनेत न बसणारा गाडीभाड्याचा आणि गोळ्यांचा खर्च तिच्यातून भागवू. ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे टाकावे.

ती आजारी बाई गर्दीत लपून, भीत भीत आली होती. प्रभूने तिला सर्वांसमोर कन्या म्हटले. आपल्या धर्मग्रामातही कुणा आजाऱ्याला लपून, लाजून यावे लागू नये.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू, गडचांदूर