अंतराचे तास

सीबीडी बेलापूरजवळ, पनवेलच्या खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आणि 25 डिसेंबर 2025 रोजी, ऐन नाताळाच्या दिवशी, तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. विमानतळ दाराशी आला की माणसाची भाषाही पालटते. न्यूयॉर्क मुंबईपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटर दूर आहे, असे आता कोणी म्हणत नाही. ‘न थांबता गेले तर पंधरा-सोळा तास’ असे म्हणतात. हा बदल वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

किलोमीटर पृथ्वीचे, तास मात्र निसर्गाच्या आणि माणसांच्या मर्जीने कमीजास्त होतात. उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून अमेरिकेस जाताना वेळ अधिक लागतो, परतताना कमी. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा घ्यावा लागला. भूमी तसूभरही वाढली नव्हती.

नीतिशास्त्राचा एक जुना दंडक आहे: अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते. आगबोटीच्या काळात विलायतेस गेलेला मुलगा वडिलांच्या अंत्यविधीला पोहोचत नसे आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावीत नसे. समुद्रच त्याच्या वतीने उत्तर देई. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, आणि समुद्राची ती साक्ष दुबळी होऊ लागली. आज न येणे ही निवड मानली जाते.

मात्र येथेच आपण घाई करतो. दफनभूमीच्या फाटकाशी कुजबुज ऐकू येते, ‘चार तासांवर तर आहे, तरी आला नाही!’ कुवेत मुंबईपासून सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर. विमानाला चार तास पुरतात, हे खरे. परंतु 1 जुलै 2025 पासून तेथील खासगी नोकरीतील परदेशी कामगाराने देश सोडण्यापूर्वी मालकाची संमती घेतली पाहिजे, असा नियम लागू झाला. तिकिटावर छापलेले ते चार तास त्या वेल्डरच्या मालकीचे नसतात. रजा, पारपत्र आणि पैसा ज्याच्या हाती आहे असा न्यूयॉर्कचा अभियंता त्याच्यापेक्षा घराच्या कितीतरी जवळ राहतो. दोघांना एकाच मापाने मोजणाऱ्यांनी निदान शवपेटीसमोर तरी मौन पाळावे.

प्रश्न त्या अभियंत्याला विचारायचा आहे, आणि तोही अंत्यविधीविषयी नव्हे. अंत्यविधीला तो येतो. शवागारात दोन दिवस वाट पाहायला लावतो, पण येतो. आईच्या आठ महिन्यांच्या आजारपणात मात्र न्यूयॉर्क त्याच्या लेखी साडेबारा हजार किलोमीटर दूरच होते. मृत्यूची वार्ता येताच ते सोळा तासांवर आले. आजारी माणसाला दूरध्वनीच्या पडद्यावर मुलाचा चेहरा दिसतो, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. तरी कूस बदलायला हात लागतो. ज्यांची आई आज बेलापूरच्या एखाद्या सदनिकेत अंथरुणावर आहे, त्यांनी तिकिटाचा हिशेब आत्ताच करून पाहावा. घराकडे येताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे थोडा वेळ वाचतो, हेही त्या हिशेबात धरावे.