आधी बोललेले बरे

पाहुण्याला ‘किती दिवस राहणार?’ असे विचारणे आपल्याकडे असभ्यपणाचे समजतात. सालगडी ठेवताना मात्र सारे विचारले जाते. साल ठरते तेव्हा पैसे किती, धान्य किती, घोंगडी मिळणार की नाही, याची बोली चार माणसांदेखत होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पाहुणा देव, म्हणून त्याच्याशी बोली नाही. गडी माणूस, म्हणून त्याच्याशी बोलीवाचून चालत नाही. या दोहोंच्या मध्ये उभा राहणारा एक तिसरा माणूस आहे, आणि त्याच्याशी कसे वागावे याचा रिवाज आपल्यापाशी नाही. तो म्हणजे घरी राहायला येणारा स्वयंसेवक.

तो राबतो, पण मजुरी घेत नाही. आपल्या पंगतीला बसतो, पण पाहुणा नव्हे. लंडनमध्ये सेक्रेटरीचे काम करणाऱ्या स्यू कोपर्ड या बाईंनी १९७१ साली एक खटपट सुरू केली. शहरातल्या माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतीवर हातभार लावता यावा, एवढाच तिचा हेतू. तिचेच पुढे ‘वूफ’ नावाचे जाळे झाले आणि ते देशोदेशी पसरले, भारतातही पोचले. शेतकऱ्याने राहायला जागा आणि जेवण द्यावे, आलेल्याने दिवसातले काही तास शेतावर काम करावे, पैशाची देवघेव नसावी, असा हा साधा व्यवहार.

पण ‘काही तास’ म्हणजे किती? पहाटे धार काढायला उठणाऱ्या शेतकऱ्याचा दिवस मोजूनमापून नसतो. आलेल्या तरुणाला वाटते, आपण शिकायला आलो आहोत. यजमानाला वाटते, मदतीला आला आहे. दोघेही प्रामाणिक असतात. दोघांच्या मनातली चित्रे निराळी असतात, इतकेच. आणि ती जुळवून पाहण्याऐवजी यजमान एक प्रेमळ वाक्य बोलून मोकळा होतो : ‘घरच्यासारखे राहा.’

या वाक्यातला गोडवा खरा आहे, पण त्यातली मेख पाहण्यासारखी आहे. घरच्या मुलाला घराचे नियम कोणी सांगितलेले नसतात. ते त्याच्या अंगवळणी पडायला वीस वर्षे लागलेली असतात. स्वयंपाकघरात चप्पल चालते का, रात्री किती वाजता कडी लागते, आजारी पडल्यास निजून राहिलेले चालेल का, हे परक्याने कुठून ओळखावे? शिवाय घरचा मुलगा रुसू शकतो, उलट बोलू शकतो. परक्याच्या छपराखाली झोपणाऱ्याला ती मुभा नसते. जे बोलायचे राहून जाते, त्याचा अर्थ पुढे घरमालकाच्याच सोयीने लागतो.

पुण्यात वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची परंपरा आठवावी. सोमवार कोणाकडे, मंगळवार कोणाकडे, हे पक्के असे. म्हणून अन्नाची निश्चिती असे. तेवढ्यापुरती ती बोलीच होती. पण जेवल्यावर कोणी पाणी भरायला किंवा बाजारातून भाजी आणायला सांगितले, तर नाही म्हणायची सोय त्यात कुठे होती? देणाऱ्याचे पुण्य खरे होते. घेणाऱ्याचा संकोचही तितकाच खरा होता.

परदेशी कुटुंबात राहून, घरकामाला हातभार लावून, तिथली भाषा शिकणाऱ्या तरुणांना युरोपात ‘ओ पेअर’ म्हणतात. या फ्रेंच शब्दांचा अर्थ बरोबरीच्या नात्याने असा. त्यांच्याविषयी १९६९ साली स्ट्रासबर्गला एक करारनामा झाला. दिवसाला साधारणपणे पाच तासांहून अधिक काम नको, आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण मोकळा हवा, शक्य तर स्वतंत्र खोली हवी, आणि हे सारे शक्यतो मायदेश सोडण्यापूर्वीच लेखी ठरावे, असे त्यात म्हटले आहे. शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. उंबरठ्याबाहेर असताना दोघे बरोबरीचे असतात. आत आल्यावर एक यजमान होतो आणि दुसरा आश्रित.

यावर कोणी म्हणेल, प्रेमाच्या जागी हा हिशेब कशाला? कांटने १७९५ साली चिरस्थायी शांततेवर लिहिताना एक भेद केला होता. परक्या भूमीवर आलेल्याला शत्रू न मानले जाण्याचा हक्क आहे. पण काही काळ घरचा म्हणून राहायचे, तर त्यासाठी वेगळा करार हवा, आणि तो करार त्याने परोपकाराचा म्हटला आहे. करार आणि परोपकार हे शब्द शेजारी बसू शकतात, हे आपल्या मनाला चटकन पटत नाही. पण विचार करावा. पाच तास ठरले असतील, आणि कापणीला आलेल्या पिकावर आभाळ भरून आले म्हणून तो तरुण आठ तास शेतात राहिला, तर ते वरचे तीन तास त्याने दिलेले दान ठरते, आणि यजमानाला ते दिसते. काहीच ठरले नसेल, तर ते तीन तास कामात बुडून जातात. यजमानाने आपणहून केलेली पुरणपोळीही तशीच खाण्याच्या हिशेबात जमा होते. बोली ठरली म्हणजे प्रेम कुठून सुरू होते ते कळते.

मात्र पहिली बोली घरातच व्हायला हवी. ‘या, खुशाल राहा’ असे पत्र लिहिणारा बहुधा पुरुष असतो, आणि वाढलेल्या ताटाची भाकरी थापणारी बाई त्या पत्राबद्दल शेवटी ऐकते. तिला न विचारता दाखवलेले औदार्य तिच्या श्रमांवर दाखवलेले असते. तिचा होकार आधी घ्यावा. मग पाहुण्याशी कामाचे तास, जेवणखाण, सुट्टी आणि आजारपण यांविषयी मोकळेपणी बोलावे. आणि एक गोष्ट न विसरता ठरवावी : जमले नाही, तर दोघांपैकी कोणीही, कारण न सांगता, किती दिवसांच्या सूचनेने मोकळे होऊ शकेल. परतीचे भाडे ज्याच्या खिशात आहे आणि निघण्याची वाट ज्याला ठाऊक आहे, त्याचेच राहणे राजीखुशीचे असते.