बांध कुठे फोडायचा

पिलिंदवच्छ हे बुद्धाच्या भिक्खुसंघातले एक थोर भिक्खू. त्यांचं डोकं दुखत असे. विनयपिटकातल्या ‘महावग्गा’त या डोकेदुखीची हकिगत आली आहे आणि ती टप्प्याटप्प्याने सांगितली आहे. आधी डोक्याला तेल लावायची परवानगी मिळाली. उतार पडला नाही. मग नाकात औषध सोडायची परवानगी मिळाली. औषध ओघळून जाऊ लागलं, तेव्हा नाकात घालायची पळी आली. एका पळीने दोन्ही नाकपुड्यांत सारखं पडेना, म्हणून जोडपळी आली. तरीही गुण येईना, तेव्हा औषधी धूर घ्यायला बुद्धाने मुभा दिली. पेटत्या वातीचा धूर घेताना घसा पोळू लागला, म्हणून धुरासाठी नळी आली. पुढे काही भिक्खू सोन्यारुप्याच्या नळ्या मिरवू लागले, लोकांनी नावं ठेवली, आणि नळी साध्या वस्तूंचीच असावी असा नियम झाला.

संन्याशांच्या आचारसंहितेत एका नाकाला एवढी जागा मिळते, ही साधी गोष्ट नाही. दुःख आहे, हे ज्या धर्माचं पहिलं आर्यसत्य, त्या धर्मात पिलिंदवच्छांना ‘सोसा, हीच तुमची साधना’ असं कुणी सांगितलं नाही. संयुत्तनिकायात दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण आणि तिच्यापायी मनाने मांडलेला आकांत हा दुसरा. दुसऱ्या बाणापासून साधना वाचवते; पहिल्यासाठी पळी आणि नळी वापरायला हरकत नव्हती. लक्ष वेधून घेतो तो या परवानग्यांचा क्रम. सगळ्यात सौम्य उपाय आधी, तो पुरला नाही तरच पुढचा.

देहाच्या दुःखात हात घालावा का, हा प्रश्न भारतीय परंपरांनी बहुतांशी ‘हो’ म्हणून फार पूर्वीच सोडवला. हात किती घालावा, आणि माणूस बरा झाला तर ते कुणी केलं म्हणायचं, हे दोन प्रश्न मात्र अजून जिवंत आहेत. आजच्या वैद्यकात त्यांची कसोटी लागते ती एका अगदी लहानशा जागी, नाकाच्या आत काही मिलिमीटरच्या दारापाशी.

गालांची हाडं, कपाळ, दोन डोळ्यांमधला भाग आणि त्याच्याही मागे कवटीच्या तळाशी हवेच्या पोकळ्या असतात. हेच सायनस, त्यांच्या चार जोड्या. आतल्या ओलसर अस्तरावर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात. ते सेकंदाला दहा-वीस वेळा हलतात आणि स्रावाचा पातळ थर अखंड नाकात उघडणाऱ्या अरुंद दाराकडे सरकवत राहतात. सर्दीने, अ‍ॅलर्जीने किंवा हाडाच्या मुळातल्या ठेवणीने दाराजवळचं अस्तर सुजलं की वाट बुजते, आत स्राव साचतो आणि सूज आणखी वाढते. चोंदलेलं नाक, घशात उतरणारा घट्ट स्राव, चेहऱ्यावरचा दाब, वास न येणं, यांतल्या तक्रारी बारा आठवडे उलटूनही हटल्या नाहीत आणि दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज दिसली, तर डॉक्टर त्याला जुनाट सायनुसायटिस म्हणतात.

या दाराशी वैद्यकाचं वागणं शंभर वर्षांत पार बदललं. १८९३मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेल यांनी आणि १८९७मध्ये पॅरिसच्या आंरी ल्यूक यांनी स्वतंत्रपणे जवळपास एकच शस्त्रक्रिया मांडली. वरचा ओठ उचलायचा, दातांच्या वर हिरडीत छेद घ्यायचा, गालाच्या हाडाची पुढची भिंत फोडायची, आतलं अस्तर सगळं खरवडून काढायचं आणि नाकाच्या तळाशी नवी खिडकी पाडायची. रोगट अस्तर पुन्हा सुधारत नाही, अशी तेव्हा पक्की समजूत होती. पुढे अनेक दशकं ही शस्त्रक्रिया चालली. काहींना तिने आराम पडला, पण अनेकांचा गाल सुन्न राही, आणि कित्येकांचा त्रास परत येई.

तो का परत येई, याचं उत्तर ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांच्या हाती लागलं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ते नाकाच्या अस्तरावरून स्राव कुठून कुठे जातो, याचा चिकाटीने माग घेत होते. त्यांना दिसलं ते विलक्षण होतं. गालातल्या पोकळीला तळाशी कितीही मोठी खिडकी पाडा, तंतू स्राव वाहून नेतात तो वरच्या मूळ दाराकडेच. उघड्या खिडकीला वळसा घालून. तळातून, भिंतीवरून, गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेने. शरीराची वाट ठरलेली होती आणि शल्यविशारदांनी काढलेली नवी वाट तिला नको होती. सुजलेलं अस्तरही, मूळ दार मोकळं झालं, तर पुष्कळदा आपलं आपण सुधारतं, हेही याच अभ्यासातून पुढे आलं. मग ग्राझचे हाइन्झ श्टामबर्गर आणि अमेरिकेत बाल्टिमोरचे डेव्हिड केनेडी यांनी १९८०च्या दशकात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा जगभर प्रसार केला. मूळ दार रुंद करा, अस्तर शक्य तितकं राखा, हे तिचं सूत्र.

बलून, म्हणजे हे दार फुग्याने रुंद करणं, हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल. कल्पना हृदयाकडून आली. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुगेवाल्या नळ्या तयार केल्या आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये एका ३८ वर्षांच्या रुग्णाची अरुंद झालेली हृदयधमनी, छाती न उघडता, फुग्याने रुंद केली. सायनससाठीच्या बलूनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५मध्ये मान्यता दिली.

ही प्रक्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. नाकात बधिर करणाऱ्या औषधाचे कापसाचे बोळे ठेवतात. रुग्ण अनेकदा जागाच असतो. दुर्बिणीच्या नजरेखाली एक वाकडी नळी दाराजवळ नेतात आणि तिच्यातून टोकाला दिवा असलेली लवचिक तार आत सरकवतात. तार कपाळाच्या सायनसमध्ये नेमकी पोचली, की भुवईच्या वर कातडीखाली तांबूस उजेड दिसतो. हीच खूण. मग तारेवरून मिटलेला फुगा दारात आणतात आणि त्यात पाणी भरून दाब वाढवतात. दहा-बारा वातावरणांइतका दाब, फुग्याची जाडी पाच ते सात मिलिमीटर, आणि काम काही सेकंदांचं. दाराभोवतीचं पातळ हाड बारीक तडे जाऊन बाजूला सरतं. जाग्या रुग्णाला त्याची करकर आपल्याच कवटीत ऐकू येते. फुगा मिटवून बाहेर काढतात, पोकळी धुतात. अस्तर बव्हंशी जागच्या जागी राहतं, काहीही कापून काढलेलं नसतं. आणि पुढचं सगळं काम, साचलेलं बाहेर नेण्याचं, तंतूंचं असतं.

इथे पतंजलींची आठवण होणं अपरिहार्य आहे. योगसूत्रांच्या कैवल्यपादात, एका अवस्थेतून दुसरी अवस्था कशी निपजते या चर्चेत, तिसरं सूत्र येतं. त्याचा आशय असा, की निमित्त प्रकृतीला कामाला जुंपत नाही. ते फक्त आड आलेलं दूर करतं, शेतकऱ्यासारखं. व्यासभाष्य ते उलगडून सांगतं. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात न्यायचं, तर शेतकरी ते हातांनी ओढून नेत नाही. मधला बांध फोडतो आणि पाणी आपसूक जातं. उसाला दारं धरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. फावड्याचा एक घाव, चार ढेकळं बाजूला, बस.

‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असं आपल्याकडे कौतुकाने म्हणतात, आणि त्यात कृतज्ञता खरी असते. पण पतंजलींच्या नजरेने पाहिलं तर गुण हाताला नसतो, वाहत्या पाण्याला असतो. याने वैद्य लहान होत नाही. उलट त्याची जबाबदारी नेमकी होते. पाणी उतरणीने कुठे जाऊ पाहतं, हे ज्याला कळलं नाही तो दिवसभर घाम गाळूनही भलतीच ताल फोडत बसेल. दातांवरच्या छेदातून अस्तर खरवडणाऱ्या त्या पिढ्यांच्या हातात कसब कमी नव्हतं. मूळ उतार कुठे आहे, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. अस्तर राखायचं ते दयेपोटी नव्हे. ज्याने काम करायचं तो कर्ताच तिथे राहतो म्हणून.

पण दृष्टांताचा हा अर्धाच भाग झाला. व्यासभाष्य पुढे म्हणतं, की त्याच शेतकऱ्याला पाण्यातला आणि मातीतला रस धान्याच्या मुळांत स्वतः घालता येत नाही. तो आजूबाजूचं तण उपटतो, मग रस आपला आपण मुळांत शिरतो. आड आलेलं प्रत्येक वेळी बांधाच्या रूपात नसतं. जुनाट सायनुसायटिसचंही तसंच आहे. नाकात मांसल गाठी, म्हणजे पॉलिप, वाढलेले असले किंवा बुरशीचा घट्ट चिखल साचलेला असला, तर नुसतं दार रुंद करून भागत नाही. ते काढावंच लागतं. डोळ्यांमधला एथमॉइड सायनस तर मधाच्या पोळ्यासारखा कप्प्याकप्प्यांचा. त्याला एक असं दारच नाही, बलून लावणार कुठे? आणि ज्यांच्या अस्तराचा स्वभावच सुजण्याचा आहे, त्यांना दार उघडल्यावरही मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टेरॉइडचा फवारा चालूच ठेवावा लागतो. जखम जितकी लहान तितकी हिंसा कमी, हा हिशेब म्हणून पुरा पडत नाही. लहान उपाय चुकीच्या जागी केला, दुखणं तसंच राहिलं आणि वर्षभराने मोठी शस्त्रक्रिया करावी लागली, तर त्या माणसाच्या वाट्याला एकूण यातना जास्तच आल्या.

हिंसेचा हा हिशेब ज्ञानेश्वरांनी फार कठोरपणे मांडला आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं निरूपण सुरू होतं, तेव्हा ते आयुर्वेदालाही सोडत नाहीत. एका जीवासाठी दुसऱ्या जीवाचा घात, हेच या शास्त्राचं वळण, असं ते स्पष्ट म्हणतात आणि औषधांसाठी उपटलेल्या, सोललेल्या झाडांकडे बोट दाखवतात. वैद्यकाचा मोठेपणा मान्य करणाऱ्या माणसालाही हे झोंबतं, आणि झोंबलं पाहिजे. काहीही न घेता देणारा उपचार जगात नाही. मात्र त्याच निरूपणात पुढे अहिंसक माणसाच्या हातांचं वर्णन येतं. हे हात मुळात स्थिर असतात. हललेच तर अभय द्यायला, पडणाऱ्याला सावरायला किंवा आर्ताला हळुवार स्पर्श करायला. तेराव्या शतकातलं हे वर्णन शल्यविशारदांच्या प्रशिक्षणात वाचून दाखवावं, इतकं त्यांच्या कामाचं आहे. हाताची स्वाभाविक स्थिती थांबण्याची. हलण्याला कारण हवं.

बलूनच्या बाबतीत हे थांबणंच अवघड झालं आहे. उपाय मोठा आणि वेदनादायक असतो, तेव्हा त्याची भीतीच अनाठायी वापराला आळा घालते. रुग्ण दहा वेळा विचार करतो, डॉक्टरही करतात. खुर्चीत बसून तासाभरात होणाऱ्या उपायाला हा धाक उरत नाही. त्यात पैसाही मोठा आहे. बलून आणणारी अ‍ॅक्लारंट कंपनी २०१०मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ७८.५ कोटी डॉलरला घेतली. एवढी रक्कम गुंतते तिथे बांध शोधणाऱ्या नजरा वाढतात, आणि नसलेले बांधही दिसू लागतात. २०१८मध्ये अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने याविषयी सहमतीचं निवेदन काढलं. त्यात निःसंदिग्धपणे सांगितलं आहे, की तक्रारी आणि सीटी स्कॅनमधला पुरावा हे दोन्ही नसतील, तर सायनसचं दार फुग्याने रुंद करणं योग्य नाही. नुसत्या डोकेदुखीसाठी तर नाहीच.

गंमत वाटावी इतकं जुनं आहे हे बंधन. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत शरीरशुद्धीची षट्कर्मं सांगितली आहेत. त्यातली नेती म्हणजे वीतभर मऊ सूत नाकातून घालून तोंडातून काढायचं; लवचिक तार नाकातून नेण्याची कल्पना निदान इतकी तरी जुनी आहे. पण क्रिया वर्णन करण्याआधीच ग्रंथकार बजावतात, की ज्याच्या शरीरात मेद आणि कफ जास्त आहे त्याने ही कर्मं आधी करावीत. ज्याचे दोष समतोल आहेत त्याने करू नयेत. ग्रंथात क्रियेआधी मर्यादा येते. १९२४पासून लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या, त्यामागेही हीच वृत्ती होती: परंपरेचा आदर करायचा, आणि कुणाला काय मानवतं ते तपासून घ्यायचं. जलनेतीचंच, म्हणजे पाण्याने नाक धुण्याचंच पाहा. २०११मध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे मेंदूत अमीबा शिरून दोघांचा मृत्यू झाला. उकळून गार केलेलं पाणी वापरा, एवढी एक अट पाळली की या सुंदर क्रियेतला तो धोका टळतो.

वर्षानुवर्षं ‘सायनसचं डोकं’ म्हणून गोळ्या घेणारी किती तरी माणसं घरोघरी आहेत. कपाळ ठणकतं, उजेड सोसत नाही, मळमळतं, आणि स्कॅन मात्र स्वच्छ येतो. त्यांचं दुखणं खोटं नसतं. ते पुष्कळदा मायग्रेन निघतं, आणि मायग्रेनला स्वतंत्र, चांगले उपचार आहेत. अशा माणसाला समोर बसवून, स्कॅनवरच्या काळ्या, हवेने भरलेल्या पोकळ्या एकेक दाखवून, ‘इथे फोडण्यासारखा बांधच नाही, तुम्ही मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा’ असं सांगायला डॉक्टरांना फुगा फुगवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे बहुधा कुणी देत नाही. तरीही तो द्यायला हवा, आणि रुग्णानेही तो हक्काने मागायला हवा.